आडवा बांबू

फेब्रुवारी २०२० मध्ये आमच्या आळीत हळद झाली. आगरी हळद ज्याने पाहिली नाही त्याला सांगून कळायची नाही, आणि ज्याने पाहिली त्याला सांगितलेलं ऐकू यायचं नाही. बँजोवाल्यांच्या स्पीकरने त्याचे कान तीन दिवस बंद असतात. मांडववाले दुसऱ्या दिवशी सगळं सामान टेम्पोत टाकून गेले, एक बांबू तेवढा चाळीमागे विसरले. चांगला अठरा फुटी, सरळ, पिवळा. महिन्याभरात कोरोना आला आणि त्याला नोकरी लागली.

दोन रिकामे ड्रम, त्यांवर आडवा बांबू, बांबूला सुतळीने लटकवलेला पुठ्ठा, आणि पुठ्ठ्यावर निळ्या मार्करने: ‘बाहेरच्यांना प्रवेश बंद. हुकमावरून.’ हुकूम कोणाचा, ते आजतागायत कळलेलं नाही. पुठ्ठा खोक्याचा होता, म्हणजे अर्थातच कुठल्यातरी गोडाऊनमधला. ‘काळजीपूर्वक हाताळा’ ही छापील सूचना कोपऱ्यात उलटी दिसत होती.

ज्यांना राहनाळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. भिवंडीला खेटून, अंजूरफाट्याजवळ. इकडे राहनाळ, पुढे पूर्णा, काल्हेर, कशेळी, आत वळ आणि दापोडे. एकेकाळी सगळी भातशेती. आता भात पिशवीतून येतो आणि शेतात गोडाऊन उगवतं. मुंबईकर रात्री लोळत लोळत मोबाइलवर जी चप्पल मागवतो, ती बहुतेक वेळा आमच्याच भागात कुठल्यातरी रॅकवर पाय मुडपून पडलेली असते. ती काढणारा आझमगडचा, खोक्यात भरणारी जळगावची, टेम्पोत चढवणारा बिहारचा, टेम्पो हाकणारा बीडचा, आणि ज्याच्या जमिनीवर हे सगळं चालतं तो तेवढा गावचा. मी साताऱ्याकडचा. एकाच चाळीत, एकाच खोलीत, तेव्हा बावीस वर्षं भाडेकरू. अशा गावात बाहेरच्यांना बंदी घालणं म्हणजे वडापावच्या गाडीवर बटाट्याला बंदी घालण्यातला प्रकार. पण घातली. आणि पहाऱ्याला जे दहाजण बसवले, त्यांतले आठ बाहेरचेच होते.

माझी पाळी चार ते सहा. हातात काठी, तोंडाला बायकोच्या जुन्या ओढणीचा तुकडा. उभ्या आयुष्यात मला कोणी कसला अधिकार दिला नव्हता. त्या दोन तासांत मी काठीने जमिनीवर रेघा ओढायला शिकलो.

बाहेरचा म्हणजे कोण, हे रोज बदलायचं. पहिल्या दिवशी परदेशातून आलेला. दुसऱ्या दिवशी मुंबईतून आलेला. तिसऱ्या दिवशी फाट्यापलीकडचा. मग शेजारच्या चाळीतला. आठव्या दिवशी सात नंबरच्या खोलीतला, कारण तो खोकला. त्याला दमा आहे. गेली अकरा वर्षं तो रोज पहाटे खोकतो आणि त्याच्या खोकल्यावर आमच्या बायका पाणी भरायला उठतात. पण त्या दिवशी तो बाहेरचा झाला. त्याच्या दारात कोणी चुन्याची फक्की मारून आलं. त्या रेघेला जंतू घाबरतात की नाही ते देव जाणे, त्याची मुलं घाबरली.

आत कोणाला मुभा होती, तेही सांगून टाकतो. दूधवाला, पाण्याचे जार, भाजीचा टेम्पो. शिवाय गुटखेवाला. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, त्यामुळे बंदीत धंदा करायचा त्याला आठ वर्षांचा अनुभव होता. बाकीचे अजून शिकत होते. तो बांबूखालून वाकून यायचा, आणि पहारेकरी आपली पुडी घेऊन त्याला अंतर राखायला सांगायचे. आणि पाच तारखेला चाळमालक. तो रस्त्यापलीकडे नव्या बिल्डिंगीत राहतो, म्हणजे पुठ्ठ्याच्या हिशेबाने चोख बाहेरचा. बांबू स्वतःच्या हाताने वर करून आत यायचा. ‘तुमी आमचेच,’ म्हणायचा, ‘पन भाड्याचं बघा.’ एप्रिलमध्ये राज्य सरकारने घरमालकांना सूचना दिली होती की भाडेवसुली किमान तीन महिने पुढे ढकला. ती सूचना बहुधा बांबूपर्यंत आली असावी आणि पुठ्ठा वाचून परत गेली असावी.

राज्यातले पहिले दोन रुग्ण ९ मार्चला पुण्यात सापडले, दुबईची सहल करून आलेले. त्या दिवसापर्यंत आमच्या शेजारच्या काकूंचं एक वाक्य दुबईवाचून संपत नसे. मुलगा दुबईला, सून दुबईला, हा खजूर दुबईचा, ही फणीसुद्धा दुबईची. १० तारखेपासून त्यांना दुबई कुठे आली ते आठवेना. ‘तो होय? तो असतो तिकडेच कुठेतरी, गुजरातच्या बाजूला.’ खजुराचा डबा माळ्यावर गेला.

मग शिक्के आले. ज्यांना घरीच थांबायला सांगितलंय त्यांच्या डाव्या तळहाताच्या पाठीवर मतदानाच्या शाईने शिक्का मारायचा, असं १६ मार्चला राज्याने ठरवलं. मुंबईतल्या शिक्क्यावर इंग्रजीत असं काही होतं की मुंबईकरांचं रक्षण करण्याचा मला अभिमान आहे. दोनच दिवसांत जर्मनीहून आलेले चार अभिमानी गरीबरथने सुरतेकडे निघाले. सहप्रवाशांनी हात पाहिले, ओरडा केला, आणि चौघांना पालघरला उतरवलं. मला त्यांची बाजू पटते. मुंबईकरांचं रक्षण करायला त्यांनी मुंबई सोडली होती. शिक्का शब्दशः वाचणारे तेवढे चौघेच निघाले.

सरकारी मराठीत अलगीकरण वेगळं आणि विलगीकरण वेगळं. नुसती शंका असेल त्याचं अलगीकरण, आजार झालाय त्याचं विलगीकरण. हा फरक समजावणारी एक लांबलचक चित्रफीत आमच्या ग्रुपवर सतरा वेळा आली. चाळीत मात्र दोन्हींना मिळून एकच शब्द होता: ‘नेला.’ कोणाला नेला विचारलं की सांगणारा आधी दोन पावलं मागे सरकायचा.

२२ मार्चच्या जनता कर्फ्यूची संध्याकाळ मला विसरता येत नाही, आणि ती थाळ्यांमुळे नव्हे. भिवंडीत माग रात्रंदिवस चालतात. खटाक खटाक, खटाक खटाक. ज्यांची खोली मागांच्या खात्याला लागून आहे त्यांची पोरं त्या आवाजावर झोपतात आणि वीज गेली की दचकून उठतात. त्या दिवशी सगळं बंद. मी बावीस वर्षांत पहिल्यांदा आमच्या चाळीत चिमण्या ऐकल्या. पाच वाजता थाळ्या सुरू झाल्या तेव्हा निम्म्या लोकांना हायसं वाटलं, की निदान आवाज आला. मग उत्साह वाढला, कोणीतरी ताशा काढला, आणि घरात बसण्याचा निर्धार व्यक्त करण्यासाठी सगळी आळी रस्त्यावर उतरली. बांबूपाशी तर नाचच झाला. सात नंबरवाला दारातून ताटली वाजवत होता, चुन्याच्या रेघेच्या आतून. नियम पाळणारा आळीत तो एकटाच.

हे सगळं आपल्याला नवीन, असं मात्र समजू नका. १३ मार्च २०२० ला राज्याने जो साथरोग कायदा बाहेर काढला तो ४ फेब्रुवारी १८९७ चा. मूळची चार कलमं. आजीच्या पेटीतलं लुगडं नातसुनेला नेसवावं तसा तो आम्हाला नेसवला, आणि गंमत म्हणजे बरोबर बसला. सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासिओ गॅब्रिएल व्हिएगस यांनी मुंबईत प्लेग ओळखला तो मांडवीत. मांडवी म्हणजे त्या काळचं राहनाळच म्हणा ना: बंदराला लागून धान्याची गोदामं, पोती, पोत्यांत उंदीर, आणि त्याच वस्तीत दाटीवाटीने माणसं. उंदीर आणि पिसवा यांचा हात नीट सिद्ध व्हायला पुढे काही वर्षं गेली. तोवर पकडायला माणसंच होती, ती पकडली. गाडीतून उतरवून काखा आणि जांघा चाचपायचे. कपाळाला बंदूक लावणारे आमचे गेटवरचे वॉचमन त्या मानाने फार सभ्य.

अफवासुद्धा त्याच. प्लेगच्या इस्पितळात माणसाला उलटं टांगून त्याची मोमियाई काढतात, असं तेव्हा मुंबईत बोललं जायचं. ऑक्टोबर १८९६ मध्ये गिरणी कामगारांचा जमाव आर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेला. २०२० मध्ये आमच्या बांबूपाशी रात्री जी बैठक बसायची तिथे पक्की खबर होती, की आत नेला की किडनी काढतात आणि एका पेशंटमागे दीड लाख मिळतात. सव्वाशे वर्षांत अफवेत फरक पडला तो एवढाच: आता तिला दर होता.

पुण्याच्या रँडची गोष्ट शाळेत सगळ्यांना शिकवतात. मुंबईतल्या रिपन रोडची भिवंडीतसुद्धा कोणी सांगत नाही, खरं तर ती भिवंडीच्या नात्यातली आहे. ९ मार्च १८९८. उत्तरेकडून येऊन मुंबईत स्थिरावलेल्या मुसलमान विणकरांची ती वस्ती. भिवंडीत ज्यांनी हातमाग आणले आणि पुढे ज्यांचे यंत्रमाग झाले, ते मोमीन विणकरही त्याच परंपरेतले. तपासणी पथकाला एका घरात आजारी मुलगी सापडली, बारा वर्षांची. ते म्हणाले, नेणार. घरचे म्हणाले, नेऊ देणार नाही. पोलीस आले, जमाव आला, दगड आले, गोळीबार झाला, माणसं मेली, आणि दंगल शहरात पसरली. त्या मुलीचं पुढे काय झालं हे विचारायला दंगलीत कोणाला फुरसत नसते. त्यानंतर सरकार जरा वरमलं. जोरजबरदस्ती सैल केली. मुंबईत जमातीजमातीची प्लेग इस्पितळंही निघाली होती. आपल्या माणसाने नेलेलं चालतं. नेण्याला विरोध नसतोच मुळी, नेणारा कोण याला असतो.

जून २०२० मध्ये भिवंडीच्या शांतिनगरात मक्का मशिदीत ऑक्सिजनची सोय असलेलं केंद्र सुरू झालं. कोणत्याही धर्माच्या रुग्णाने यावं, पैसे नाहीत. मार्च-एप्रिलमध्ये ‘यांच्यामुळेच पसरला’ असे व्हिडिओ ज्या फोनवरून आमच्या ग्रुपवर आले होते, त्यांतल्याच एका फोनवरून जुलैमध्ये रात्री दीड वाजता विचारणा आली: शांतिनगरात कोणाची ओळख आहे का? ओळख लागली, बाटला मिळाला, वडील वाचले. व्हिडिओ कोणी पुसले नाहीत. ग्रुप मात्र नवीन काढला. पुढे तालुक्यात सवादला गोदामाच्या जागेतच मोठं कोविड रुग्णालय उभं राहिलं. आमच्याकडे सगळं शेवटी गोदामातच येतं.

आता तेरा नंबर. दहा बाय दहाच्या त्या खोलीत पाचजण, सगळे गोरखपूरकडचे, तिघे मागावर आणि दोघे गोडाऊनमध्ये. माग बंद, हाजिरी बंद. पहिल्या आठवड्यात ते बांबूच्या आतले होते आणि पहाराही द्यायचे. तिसऱ्या आठवड्यात उधारी संपली तसे ते हळूहळू बाहेरचे झाले. त्यांच्यासारखे किती होते ते मुंबई-नाशिक हायवेवर पडघ्याकडे तोंड करून उभं राहिलं की दिसायचं: डोक्यावर बोचकी, कडेवर मूल, आणि उलट्या दिशेने येणारे आपले पार्सलचे कंटेनर. पार्सलला वाट होती.

मेच्या सुरुवातीला भिवंडी रोड स्टेशनातून गोरखपूरला श्रमिक स्पेशल सुटली. जाणाऱ्याला ताप-खोकला नसल्याचा डॉक्टरचा दाखला लागायचा. त्यासाठी दवाखान्यापुढे दीडशे माणसं, एकाच्या पाठीला दुसऱ्याचं पोट, सकाळी सहापासून. संसर्ग नसल्याचा कागद मिळवायला याहून चांगली जागा संसर्गालाही सापडली नसती. तेरा नंबरवाले निघाले तेव्हा बांबूवर मीच होतो. बाहेर जाणाऱ्याला अडवायचं कलम पुठ्ठ्यावर नव्हतं, म्हणून वर केला. त्यांच्यातल्या थोराड माणसाच्या एका हातात कुकर होता, त्याचं झाकण चालताना किणकिणत होतं. त्याने खोलीची चावी माझ्या हातात दिली आणि हळूच सांगितलं, ‘भैया, पंखा अपना है. मालिक का नहीं.’

पंधरवड्याने मीही निघालो. ई-पास मिळवायला घरात कोणी गेलेलं असणं सोयीचं होतं. माझे आजोबा १९८८ मध्येच वारले होते. त्यांना मी २०२० मध्ये पुन्हा मारलं. शिरवळच्या नाक्यावर पोलिसाने विचारलं, ‘वय काय होतं?’ मी मोजलं आणि प्रामाणिकपणे म्हणालो, ‘एकशे अठरा.’ त्याने माझ्याकडे पाहिलं, पासकडे पाहिलं, आणि त्या महिन्यात त्याने याहून वाईट ऐकलं असावं, सोडलं.

गावाचं नाव सांगत नाही, मला अजून जायचं असतं तिथे. वेशीवर बांबू होता. आमच्याहून चांगला, त्याला लाल-पांढरा रंगसुद्धा मारलेला. पुठ्ठ्याऐवजी फ्लेक्स. ‘मुंबई-पुणे-ठाणेकरांना प्रवेश बंद.’ पलीकडे माझ्याच वर्गातला एकजण, हातात काठी, जमिनीवर रेघा ओढत. मी त्याला लहानपणीच्या नावाने हाक मारली. तो म्हणाला, ‘जागेवरनं बोला, पाव्हणं.’

चौदा दिवस शाळेत. दुसरीचा वर्ग. फळ्यावर तारीख १६ मार्च, सुविचार अर्धा पुसलेला, खाली पट २३, हजर २१. गैरहजर दोघं कोण असतील याचा विचार करायला मला चौदा दिवस मिळाले. वहिनी रोज दुपारी कुंपणाच्या भिंतीवर डबा ठेवायची, ‘भावजी, डबाऽ’ अशी हाळी द्यायची आणि मी दारात दिसायच्या आत वळणापाशी पोचलेली असायची. तिच्या गुडघ्यांचं ऑपरेशन सांगितलं होतं, असं मला दादाने आदल्या दिवाळीत कळवलं होतं. संध्याकाळी पोरं कुंपणाबाहेर जमून ‘भिवंडीवाला, भिवंडीवाला’ करायची. बावीस वर्षं मी भिवंडीत ‘सातारवाला’ होतो. एक मात्र झालं: डाव्या तळहाताच्या पाठीवर कुठली शाई शोभून दिसली असती ते मला नीट कळलं. आणि आजोबांच्या तेराव्याला जेवायला कधी बोलावताय, असं तलाठ्याच्या शिपायाने दोनदा विचारलं.

जुलैत परत आलो तर राहनाळात बांबू ड्रमांवरून उतरला होता. गोडाऊनचे दरवाजे उघडत होते, गेटवर तापाची बंदूक आली होती. वहीत प्रत्येक कामगाराचं तापमान ९७.४ आणि सुपरवायझरचं ९७.२, हुद्द्याप्रमाणे. माणूस मात्र मिळेना. चाळीतल्या सोळांपैकी नऊ खोल्या रिकाम्या. चाळमालक रोज फाट्यावर उभा राहून टेम्पोतून कोण उतरतंय ते पाहायचा, आणि कोणी बोचकंवाला दिसला की पुढे होऊन विचारायचा, ‘खोली पायजे का?’ तोच पुठ्ठा चाळीच्या तोंडाशी लटकत होता, उलटा करून. मार्करही तोच. ‘खोली भाड्याने देणे आहे. पंखा आहे.’

बांबूची पुढची नोकरी एप्रिल २०२१ मध्ये, पुन्हा मांडवात. तेव्हा नियम होता: लग्नाला पंचवीस माणसं, दोन तास, मोडला तर पन्नास हजार दंड. आमच्याकडे पंचवीस माणसं नुसती मटणाच्या टोपाभोवती लागतात. पण कायदा म्हणजे कायदा; मांडवात एका वेळी पंचविसाच्या वर कोणी नव्हतं. दर दोन तासांनी नवे पंचवीस.

आणि मग जानेवारी २०२५ मध्ये टीव्हीवर लाल पट्ट्या सुरू झाल्या. चीनमधून नवा विषाणू, एचएमपीव्ही. नवा म्हणजे २००१ मध्ये हॉलंडमध्ये सापडलेला. चोवीस वर्षांचा घोडा, आमच्याकडे एव्हाना त्याचं लग्न लावून दिलं असतं. बहुतेकांना लहानपणी तो होऊनही गेलेला असतो, सर्दी म्हणून. पण बंगळुरूत दोन बाळं सापडली, नागपुरात संशयित सापडले, आणि मेडिकलवाल्याने मास्कचं खोकं पुन्हा काउंटरवर आणलं. काकूंनी दुबईचं नाव घेणं थांबवलं. सात नंबरवाला पहाटे खोकला आणि स्वतःच तोंडावर उशी दाबून बसला.

रात्री चाळमालक आला. दारातच उभा राहिला, आत येईना.

‘तो पुठ्ठा हाय का रं?’

‘आहे. माळ्यावर.’

‘काढून ठेव.’

‘काढतो. कोणती बाजू लावायची?’

तो जरा थांबला. चाळीच्या टोकाकडे नजर टाकली. अकरा आणि तेरा नंबर डिसेंबरपासून रिकामे होते.

‘चार दिस थांब,’ म्हणाला.